जुनी हायब्रिड: सकाळी इंजिनाची धडधड, दुपारी बॅटरीचा लाल त्रिकोण. आधी काय उघडायचं?

गायमुख (कासारवडवली, ठाणे)

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची, जपानी बनावटीची पूर्ण हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्हींवर चालणारी. १.८ लिटर पेट्रोल इंजिन, मागच्या सीटमागे निकेल मेटल हायड्राइड बॅटरी. दीड लाख किलोमीटर कधीच ओलांडले. बाबांनी घेतली होती, आता मी चालवते. कंपनीचं किंवा गॅरेजांचं नाव घेत नाही, कारण तक्रार कोणाविरुद्ध नाही. गाडी जुनी झाली आहे आणि तिचं नेमकं दुखणं मला शोधायचं आहे.

रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होताना जोरात धडधड होते. स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळं हलतं, धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येतो. पंधरावीस सेकंदांत सगळं शांत, आणि मग दिवसभर इंजिन कितीही वेळा बंद-चालू झालं तरी काही नाही. हे थंडीत सुरू झालं, आता वाढलंय.

दुसरं म्हणजे घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर एसी लावून रांगेत उभं राहिलं की बॅटरीच्या काड्या बघता बघता उतरतात. पुढे उतार लागला की तितक्याच झटकन भरतात. पूर्वी असं नव्हतं. मागच्या सीटच्या बाजूचा पंखा इतका मोठ्याने फिरतो की मागे बसलेल्यांना बोलताना आवाज चढवावा लागतो. आता त्यात डॅशबोर्डवर इशाऱ्याचा लाल त्रिकोणही लागला.

आणि मे महिन्यात गावाहून परत आलो तेव्हा गाडी 'रेडी', म्हणजे चालायला तयार, होईना. डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागले. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप देऊन चालू केली.

एका गॅरेजने सांगितलं, हायब्रिड बॅटरी गेली, पूर्ण बदला, आकडा लाखांत. दुसऱ्याने सांगितलं, बॅटरी ठीक आहे, इंजिनचे माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) गेलेत. २०२६ मध्ये १५ वर्षं पूर्ण होतात, आरसीचं नूतनीकरण आहे. गाडी ठेवायची इच्छा आहे. पण पैसे चुकीच्या जागी घालायचे नाहीत. सुरुवात कुठून करू?

तुर्भे_२२

ताई, खरं सांगू? एवढ्या जुन्या हायब्रिडवर लाख घालण्यापेक्षा मिळेल त्या भावाला काढा. पार्ट मिळवताना दमछाक होते.

वर्कशॉपकाका (वागळे इस्टेटमध्ये गॅरेज होतं, आता निवृत्त)

विकण्याचा सल्ला निदानानंतर द्यावा. निदान न करता विकलेली गाडी नेहमी कमी भावात जाते.

गायमुखताई, तुम्ही तीन दुखणी लिहिलीत आणि मला ती तिन्ही वेगळी वाटतात. दोन्ही गॅरेजवाल्यांनी त्यांचं एक केलं, म्हणून उत्तरं उलटसुलट आली. जुन्या हायब्रिडमध्ये असं बरेचदा होतं. बारा व्होल्टची बॅटरी, मोठी बॅटरी आणि इंजिन, तिघांचं वय एकच, त्यामुळे तिघं आगेमागे कुरकुरायला लागतात. डॅशबोर्डवर मात्र लाल त्रिकोण एकच.

सगळ्यात स्वस्त तपासणी आधी. या गाडीला अल्टरनेटर नाही आणि वेगळा स्टार्टरही नाही. इंजिन फिरवते ती मोठ्या बॅटरीवरची मोटर. डिकीतली बारा व्होल्टची लहान बॅटरी फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले जोडते. ती झोपली की कॉम्प्युटर भलभलत्या चुका दाखवतात आणि गाडी रेडी होत नाही. मोठ्या बॅटरीचा त्यात काही दोष नसतो. गाडी काही आठवडे उभी राहिल्यावर झालं ना? मग संशय आधी तिच्यावर.

साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर बंद असलेल्या गाडीवर सकाळी मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. त्याखाली असेल तर तिची वेळ झाली. मग गाडी रेडी करून पुन्हा मोजा. तेव्हा साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसलं तर मोठ्या बॅटरीकडून तिला चार्जिंग मिळतंय.

आणि हे नक्की सांगा: कूलंटची (थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी कमी होते का? इंजिनाची टाकी आणि इन्व्हर्टरची (मोठ्या बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या यंत्रणेची) टाकी वेगळी असते. दोन्ही थंड गाडीवर बघा.

गायमुख

काका, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. मोजलं. सकाळी ११.९. रेडी केल्यावर १४.१.

कूलंटचं बरं विचारलंत. इन्व्हर्टरच्या टाकीत पातळी जागच्या जागी आहे. इंजिनाच्या टाकीत खालच्या खुणेच्या खाली गेलीये. सर्व्हिसिंगला दर वेळी थोडं भरतात, मला कधी कोणी काही म्हणालं नाही. पार्किंगमध्ये गाडीखाली ओलं दिसत नाही. पाइपांवरही गुलाबी डाग नाहीत.

वर्कशॉपकाका

१४.१ म्हणजे चार्जिंग व्यवस्थित. ११.९ म्हणजे लहान बॅटरी संपली. ती बदला, हा खर्च टाळता येणार नाही आणि फार मोठाही नाही. फक्त एक बघा. ही बॅटरी बसते डिकीत, म्हणजे माणसं बसतात त्याच हवेत. मूळ बॅटरीला गॅस बाहेर सोडणारी बारीक नळी असते. बाजारातली कुठलीही त्याच मापाची बॅटरी बसवून नळी लोंबकळत सोडून देणारे बॅटरीवाले मी पाहिले आहेत. नळी जोडता येईल अशीच एजीएम (आत आम्ल मोकळं नसलेली) बॅटरी घ्या. जोडताना प्लस-मायनस उलट झालं तर मोठा फ्यूज आणि कधी कधी कन्व्हर्टरही जातो, त्यामुळे तिथे उभं राहून बघा.

कूलंटबद्दल मला काळजी वाटते. बाहेर थेंब नाही आणि टाकी रिकामी होते, म्हणजे ते आत जातंय. सकाळच्या धडधडीशी याचा थेट संबंध असू शकतो. सविस्तर उद्या लिहितो. तोवर शक्य असेल तर गाडी कमीच काढा.

अँपिअर (ऐरोली, पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम)

मोठ्या बॅटरीबद्दल मी लिहिते.

तुमच्या प्रकारच्या गाडीत बहुतेक २८ मॉड्यूल असतात. प्रत्येक मॉड्यूलमध्ये १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट. सगळे एकामागे एक जोडलेले, एकूण २०१.६ व्होल्ट. कॉम्प्युटर त्यांना दोन-दोनच्या जोडीने १४ ब्लॉक म्हणून बघतो. दिंडी सगळ्यात थकलेल्या वारकऱ्याच्या पावलानं चालते, तसं या मालिकेचं आहे. सत्तावीस मॉड्यूल धडधाकट असले तरी अठ्ठाविसावं दमलं की गाडीला पूर्ण पॅकच दमलेला दिसतो. काड्या झटकन उतरणं आणि झटकन भरणं हे क्षमता घटल्याचं लक्षण आहे. भांडं लहान झालं की ते लवकर रिकामं होतं आणि लवकर भरतंही.

पण हे घटणं किती आहे आणि कुठे आहे, ते आकड्यांवरून ठरवायचं, दिव्यावरून नाही. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती मोबाइलवर पाठवणारं छोटं यंत्र) आणि हायब्रिडचे ब्लॉक वाचणारं अ‍ॅप घ्या. शेजारी कोणाला तरी बसवा. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघायचं नाही. चढावर सगळे ब्लॉक टिपा, मग उतारावर ब्रेक लावताना टिपा. निरोगी पॅकमध्ये ब्लॉकांमधला फरक व्होल्टच्या काही दशांशांत राहतो. एखादा ब्लॉक चढावर इतरांपेक्षा व्होल्टभर खाली जात असेल आणि चार्ज होताना इतरांपेक्षा वर जात असेल, तर त्याचा अंतर्गत रोध वाढलाय. दोन्ही दिशांचे आकडे हवेत. नुसता उभ्या गाडीवरचा व्होल्टेज फसवतो.

कॉम्प्युटरने नोंदवलेले चुकांचे कोड पण वाचा. पी०ए८० (हायब्रिड बॅटरी खराब) आला तर गॅरेजवाले लगेच पॅक बदला म्हणतात. तो कोड खरा असतो, पण कारण सांगत नाही.

त्याआधी विनाखर्चाची गोष्ट. मागच्या सीटच्या बाजूला जाळी आहे ना, तिथून बॅटरीचा पंखा केबिनची हवा ओढतो. ती उघडून बघा.

नेरूळकर

अँपिअरताईंना अनुमोदन. माझीही याच प्रकारची आहे, एमएच-४३. पंख्याची पाती धूळ आणि कापसासारख्या तंतूंनी अशी भरली होती की पातं दिसत नव्हतं. निकेलच्या बॅटरीला उष्णता मारते. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या केबिनचं तापमान आणि त्यात अडलेली हवा, म्हणजे मधले मॉड्यूल सगळ्यात जास्त तापतात. बहुतेक वेळा पहिलं जातं तेही मधलंच.

आणखी एक, घोडबंदर रोडवरच्या सगळ्यांसाठी. ट्रॅफिकमध्ये गिअर न्यूट्रलला टाकायची आपल्याकडे सवय असते. जुन्या गाड्यांवर शिकलेले ड्रायव्हर तर हमखास टाकतात. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला इंजिन चालू असलं तरी बॅटरी चार्ज होत नाही. आणि एसीचा कॉम्प्रेसर थेट मोठ्या बॅटरीवर चालतो. म्हणजे तासभर रांगेत न्यूट्रलला उभं राहिलं की बॅटरी नुसती रिकामी होत जाते. डी मध्ये ब्रेकवर उभं राहा, नाहीतर पार्कला टाका. तेव्हा गरज पडली की इंजिन आपोआप सुरू होऊन चार्ज करतं.

गायमुख

नेरूळकर, हे कुणीच सांगितलं नव्हतं! घरात सगळ्यांना आजच सांगते.

जाळी उघडली. आत राखाडी थर. त्यावर शाळेच्या दप्तरांचा भार, कारण मुलं तिथेच दप्तर टेकवतात. पंखा काढून ब्रशने आणि ब्लोअरने साफ केला. नवी बारा व्होल्टची बॅटरी नळीसह बसली. आता गाडी लगेच रेडी होते आणि पंख्याचा आवाज निम्म्यावर आलाय. लाल त्रिकोण अजून आहे.

कोड दोन आले: पी०ए८० आणि पी०३०२.

चढावर बहुतेक ब्लॉक १४.५ च्या आसपास, सातवा १३.१. उतारावर बाकीचे १६.२ पर्यंत, सातवा १६.९.

अँपिअर

हे आकडे स्पष्ट बोलतात. सातवा ब्लॉक, म्हणजे मधलाच. खाली जातो आणि वरही जातो. पण एक शक्यता आधी काढून टाकूया. मॉड्यूल एकमेकांना तांब्याच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. खाडीकाठची दमट हवा, त्यात पावसाळा. ठाणे-नवी मुंबईच्या गाड्यांमध्ये त्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. जोडणीतला रोध वाढला तरी आकडे असेच दिसू शकतात. पॅक उघडल्यावर पट्ट्या, नट आणि व्होल्टेज मोजणारी बारीक वायरिंग बघायला सांगा. मॉड्यूलला दोष त्यानंतर.

पी०३०२ माझ्या खात्यातला नाही. तो काकांचा.

वर्कशॉपकाका

पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, आपल्या भाषेत मिसिंग, म्हणजे तिथे इंधन नीट पेटत नाही. आता चित्र जुळतंय.

माझा अंदाज असा. दोन नंबर सिलिंडरजवळ हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) बारीकसं सुटलंय. गाडी बंद केल्यावर कूलंट गरम असतं, दाबाखाली असतं. रात्रभर त्यातलं थोडंथोडं सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी इंजिन फिरतं तेव्हा त्या सिलिंडरमध्ये पाणी आहे, ठिणगी पडत नाही, तीन सिलिंडर ओढतात आणि चौथं आडवं येतं. म्हणून धडधड. पंधरावीस सेकंदांत ते पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं आणि इंजिन सुरळीत होतं. दिवसा दोन वेळांच्या मध्ये झिरपायला वेळच मिळत नाही, म्हणून दिवसा आवाज नाही.

हे अंगावर काढायचं दुखणं नाही. साध्या गाडीचा स्टार्टर अडलेल्या इंजिनासमोर थांबतो. हायब्रिडची मोटर ताकदवान असते, ती अडलेलं इंजिनही फिरवून टाकते. पाणी जास्त साठलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग गॅस्केटचं काम राहत नाही, इंजिनाचं होतं.

तुर्भे_२२

काका, आदराने एक शंका. या गाड्यांमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये स्प्रिंगची डँपर प्लेट असते. ती झिजली तरी सुरू होताना आणि बंद होताना असाच खडखडाट येतो. आमच्याकडे एका गाडीचं हेड खोललं, गॅस्केट चांगलं निघालं, दोष डँपरचा होता. गिऱ्हाइकाचे पैसे गेले. म्हणून विचारतो.

वर्कशॉपकाका

शंका अगदी रास्त आहे आणि विचारलीस ते चांगलं केलंस. दोन्हींतला फरक असा. डँपरचा खडखडाट इंजिन बंद होतानाही येतो, आणि गरम इंजिनावरही येतो, दिवसातून कितीही वेळा. ताईंचा आवाज फक्त सकाळी पहिल्यांदा येतो. डँपरने कूलंट कमी होत नाही. मिसफायरचा कोड मात्र धक्क्यांमुळे कधी कधी येऊ शकतो, म्हणून नुसत्या कोडवर विसंबू नये. आणि गॅस्केटमुळे बरेच महिने धडधड झाली तर डँपरच्या स्प्रिंगांनाही मार बसतो. म्हणजे दोन्ही असण्याची शक्यताही धरायची.

म्हणून हेड खोलण्याआधी पुरावा. संध्याकाळी कूलंट प्रेशर टेस्टर लावायचा. दाब कॅपवर लिहिलाय तेवढाच, त्याहून जास्त नाही. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी इंजिन न फिरवता चारही प्लग काढायचे आणि बोअरस्कोपचा कॅमेरा एकेका सिलिंडरमध्ये सोडायचा. पिस्टनवर ओल दिसली, की प्रश्न संपला. प्लगही बघायचे. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं त्याचा प्लग आणि पिस्टनचा माथा वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ असतो.

निळ्या द्रावणाची चाचणीही असते. कूलंटमध्ये जळका वायू असेल तर द्रावण पिवळं होतं. पण गळती बारीक असताना कूलंट आत येतं, वायू बाहेर जात नाही, आणि चाचणी ठीक दाखवते. तेवढ्यावर गाडी पास करू नका.

संपादक मंडळ

या धाग्यावर बॅटरी पॅक उघडण्याची चर्चा चालली आहे, म्हणून एक सूचना वर चिकटवत आहोत. दोनशे व्होल्ट डीसी जीवघेणा असतो. नारिंगी आवरणाच्या केबलना हात लावू नये. काम करणाऱ्याने बारा व्होल्टची बॅटरी सोडवून, सर्व्हिस प्लग (पॅकचं सर्किट तोडणारा) काढून, इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमधला भार उतरायला किमान दहा मिनिटं थांबून, हजार व्होल्टसाठी प्रमाणित रबरी हातमोजे घालून आणि मीटरने शून्य बघूनच पुढे जावं. सर्व्हिस प्लग काढला तरी मॉड्यूलमधला विजेचा साठा तसाच असतो. घरी हे करून बघू नये.

गायमुख

उशीर झाला, क्षमस्व. प्रेशर टेस्ट करून देणारं गॅरेज सापडायला वेळ लागला. बहुतेक जण म्हणाले की रात्रभर गाडी ठेवायला जागा नाही. शेवटी कोलशेत रोडच्या एका जुन्या मिस्त्रींनी तयारी दाखवली आणि सकाळी मला बोलावून घेतलं, कॅमेऱ्यात स्वतः बघा म्हणाले.

एक, तीन आणि चार नंबर कोरडे, काळे. दोन नंबरच्या पिस्टनवर गुलाबीसर पाण्याचं डबकं आणि बाकी माथा चकचकीत. काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच.

हेड उतरवायचं ठरलंय. मिस्त्री म्हणतात ईजीआर पण बघू. ते का, हे मला नीट कळलं नाही.

वर्कशॉपकाका

मिस्त्री जाणकार आहेत, त्यांना सोडू नका.

ईजीआर म्हणजे जळक्या वायूचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात देणारी वाट. त्याने ज्वलनाचं तापमान खाली राहतं. वर्षानुवर्षं त्या कूलरमध्ये आणि इनटेक मॅनिफोल्डच्या बारीक भोकांमध्ये काजळी साठते. वाट बुजली की ज्वलन जास्त तापतं. काही भोकं उघडी आणि काही बंद असली तर सिलिंडरांमध्ये सारखं वाटप होत नाही, एखादं सिलिंडर जास्त भाजतं. गॅस्केट तिथेच सुटतं असं बऱ्याच जाणकारांचं मत आहे आणि माझाही अनुभव तोच. गॅस्केट नवं टाकलं आणि ईजीआर तसाच ठेवला तर तेच दुखणं परत यायला मोकळी वाट राहते. कूलर, व्हॉल्व्ह, पाइप आणि मॅनिफोल्डची चारही भोकं, सगळं साफ करायचं. कूलर काजळीने गच्च असेल तर दोन-दोनदा द्रावणात भिजवावा लागतो.

हेड अॅल्युमिनियमचं आहे. सरळ पट्टी आणि फीलर गेजने सपाटी मोजूनच फेसिंगला (माथा घासून सपाट करायला) द्यायचं. न मोजता लेथवाल्याकडे पाठवू नका, उगाच धातू जातो. ब्लॉकचा माथाही मोजायचा. हेड बोल्ट नवेच, आणि आधी टॉर्क मग अंशांत फिरवून आवळायचे. हाताच्या अंदाजाने नाही.

परत भरताना कंपनीने सांगितलेलं तयार कूलंट, नळाचं पाणी अजिबात नको. या इंजिनाचा पाण्याचा पंप विजेवर चालतो, पट्ट्यावर नाही. हवा नीट काढली नाही तर हेडमध्ये हवेचा फुगा राहतो आणि नव्या गॅस्केटवरच घाव बसतो. गिअरबॉक्स मोकळा करायची वेळ आली तर डँपर प्लेट बघून घ्या, तुर्भेवाल्या मित्राची सूचना तिथे कामाला येईल.

सानपाडा_मित्र

अवांतर. माझी माइल्ड हायब्रिड आहे. मलाही हे सगळं तपासावं लागेल का?

अँपिअर

नाही. तुमच्याकडे बेल्टवर चालणारा स्टार्टर-जनरेटर आहे, तो इंजिनाला थोडी मदत करतो. दोनशे व्होल्टचा पॅक नाही, केबिनमधला मोठा पंखा नाही. तुमच्या गाडीत बेल्ट आणि बॅटरीची तब्येत बघा. पूर्ण हायब्रिडचे उपाय तिला लावू नका.

गायमुख

इंजिनाचं काम पूर्ण झालं. ईजीआर कूलरमधून निघालेली काजळी मिस्त्रींनी कागदावर काढून दाखवली. मॅनिफोल्डचं एक भोक जवळजवळ बंद होतं. हेडची सपाटी मर्यादेत निघाली, फेसिंग लागलं नाही. आता सकाळी सुरू करते तेव्हा आवाज नाही. कूलंट खुणेवर आहे आणि तिथेच राहिलंय.

मग पॅक उघडला. हायब्रिडवर काम केलेला माणूस महापेहून आला होता, हातमोजे वगैरे सगळं घालून. सातव्या ब्लॉकच्या पट्टीवर आणि तिच्या शेजारच्या दोन पट्ट्यांवर हिरवा थर. साफ करून, आवळून परत मोजलं. चढावरचा फरक १.४ वरून ०.६ वर आला. लाल त्रिकोण गेला.

आता प्रश्न असा की हे ०.६ चालवून घेऊ की मॉड्यूल बदलू?

अँपिअर

फरक निम्म्याहून खाली आला म्हणजे बराच दोष जोडणीचा होता. उरलेला मॉड्यूलचा आहे.

एक मॉड्यूल बदलायचा मार्ग स्वस्त वाटतो. पण नवं किंवा कमी वापरलेलं मॉड्यूल जुन्या सत्तावीसांच्या रांगेत उभं केलं की त्यांची क्षमता जुळत नाही. काही महिन्यांत शेजारचं कुरकुरतं आणि पॅक पुन्हा उघडावा लागतो. बदलायचंच तर लोड देऊन, क्षमता मोजून, जुन्याशी जुळणारं निवडावं लागतं. हे करणारे कमी आहेत.

माझं मत असं. गाडी अजून बरीच वर्षं ठेवायची असेल तर पूर्ण संच नव्या मॉड्यूलचा घ्या, पण आज नाही. जाळी साफ आहे, न्यूट्रलची सवय सुटली आहे, जोडण्या नीट आहेत. पावसाळा जाऊ द्या. दर महिन्याला एकदा तेच चढ-उताराचे आकडे टिपून ठेवा. फरक ०.६ वर थांबला तर थांबा. व्होल्टकडे सरकायला लागला तर खर्चाची वेळ आली असं समजा. गाडी उभी ठेवायची वेळ आली तर दोन आठवड्यांतून एकदा अर्धा तास रेडी करून पार्कमध्ये ठेवा, दोन्ही बॅटऱ्यांना बरं पडतं.

नेरूळकर

आरसीसाठी पीयूसी काढायला जाल तेव्हा एक अडचण येईल. सेंटरवर नळी सायलेन्सरमध्ये घातली की हायब्रिडचं इंजिन बंदच होतं आणि मशिनला रीडिंग मिळत नाही. माझ्या गाडीत इंजिन सतत चालू ठेवणारा मेंटेनन्स मोड आहे. ब्रेक न दाबता गाडी ऑन करायची, पार्कमध्ये अॅक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, ब्रेक धरून न्यूट्रलला टाकून दोनदा, परत पार्कमध्ये दोनदा, मग ब्रेक दाबून रेडी. हे सगळं मिनिटभराच्या आत. पडद्यावर तसा संदेश येतो. काम झालं की गाडी बंद करून परत चालू करायची, या मोडमध्ये रस्त्यावर न्यायची नाही.

आणि जुन्या गाडीला आरटीओत फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर लागतो. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

तुर्भे_२२

ताई, पहिल्या दिवशी विका म्हणालो होतो, पण हा धागा वाचून बरंच शिकलो. एक विचारायचं आहे. पॅक बदलला तर जुना कुर्ल्याला भंगारात जातो का? चांगला भाव देतात असं ऐकलंय.

अँपिअर

भाव देतील, पण देऊ नका. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, त्वचा आणि डोळे भाजतं. शिवाय पॅकमध्ये भार शिल्लक असतो. हातोडीने फोडणाऱ्या पोराला ते कळत नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि त्यात वाहनांच्या बॅटऱ्याही येतात. नवा संच घेतानाच जुना परत घेण्याचं लेखी ठरवून घ्या, आणि त्याची पावती गाडीच्या कागदपत्रांत ठेवा.

गायमुख

ठरलं. आकड्यांची वही सुरू केली आहे, दर महिन्याचं रीडिंग इथेच टाकत जाईन. नेरूळकर, तुमच्या गाडीचे चढावरचे आकडे पण द्याल का? तुलनेला दुसरी गाडी मिळाली तर बरं होईल.

नेरूळकर

नक्की. रविवारी पारसिक हिलच्या चढावर घेतो. ईजीआर मात्र मी आजवर उघडलेला नाही. तुमच्या मिस्त्रींचा नंबर संदेशातून पाठवा.